आठ महिने स्वतःच्या सर्व्हरवर: लुआंटी आणि व्हॉक्सेलिब्रे सोर्सपासून बांधून चालवल्यानंतर

मे महिन्याच्या सुट्टीत भाचे घरी आले होते. सगळ्यांनी मिळून खेळता येईल असा झोंबींचा खेळ त्यांना हवा होता. माझ्या अटी दोन होत्या: जाहिराती नकोत आणि अनोळखी माणसं नकोत. शोधता शोधता लुआंटीपाशी पोचलो. हे ठोकळ्यांच्या जगातले खेळ चालवणारं इंजिन, म्हणजे खेळाखालचं मूळ सॉफ्टवेअर आहे. २०१० मध्ये पर्टू अहोला या फिनलंडच्या प्रोग्रामरने मिनेटेस्ट नावाने हे इंजिन सुरू केलं आणि २०२४ मध्ये त्याचं नाव लुआंटी झालं. फिनिश भाषेत 'लुओन्ती' म्हणजे निर्मिती. त्यात लुआ या भाषेचं नाव मिसळून हा शब्द घडवला आहे. इंजिन सी++ मध्ये लिहिलेलं आहे, खेळाचे नियम लुआमध्ये.

लुआंटी हा स्वतः खेळ नाही, हे आधी लक्षात घ्या. ५.८ आवृत्तीपासून त्याच्यासोबत खेळण्याजोगा खेळ येत नाही, त्यामुळे सोर्सपासून (म्हणजे मूळ कोडपासून) बांधून पहिल्यांदा उघडलं की खेळायला काहीच सापडत नाही आणि आपलंच काही चुकलं असं वाटतं. खेळ वेगळा आणून गेम्स फोल्डरमध्ये ठेवायचा असतो. आम्ही व्हॉक्सेलिब्रे घेतला. त्याचं आधीचं नाव माइनक्लोन२, आणि माइनक्राफ्ट खेळलेल्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटतो. अंधार पडला की झोंबी निघतात, उन्हात जळतात, गावकऱ्यांवर धावून जातात. मेलात तर जवळचं सगळं सामान तिथेच जमिनीवर पडतं.

आधी घरच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून सर्व्हर बांधला. घरातल्या घरात सुरेख चालला. बाहेरून मात्र कोणी आत येईना. राउटरवर यूडीपीचा (इंटरनेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) ३०००० पोर्ट उघडून झाला, फायरवॉल तपासून झाली, दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी कळलं की आमच्या ब्रॉडबँडवाल्याकडून घराला स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही. एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात. एसएसएच बोगद्याचा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमधून जोडणी वळवून आणण्याचा, विचार केला, पण तो यूडीपी नेत नाही आणि लुआंटीचा सगळा व्यवहार यूडीपीवर चालतो. तुम्ही घरून सर्व्हर चालवणार असाल तर राउटरवर दिसणारा पत्ता आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता एकच आहे का, हे सगळ्यात आधी बघा. वेगळे असतील तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका.

मग मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला: दोन कोअर, दोन जीबी रॅम. तिथे सोर्स आणला तो स्टेबल-५ या स्थिर शाखेचा. मास्टर या चालू विकासाच्या शाखेवर रोज काही ना काही बदलतं, आणि मुलांच्या टॅबवर प्ले स्टोअरची स्थिर आवृत्ती असते. त्यामुळे दोन्हीकडे स्थिरच असलेलं बरं. सीमेकला (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाला) खेळाडूचा क्लायंट नको, फक्त सर्व्हर हवा एवढं सांगितलं की ग्राफिक्स आणि आवाजाच्या बऱ्याच लायब्रऱ्यांची गरज उरत नाही. 'रन इन प्लेस' हा पर्याय चालू ठेवला तर जग, मॉड (खेळात घातलेली भर), कॉन्फिग सगळं एकाच फोल्डरमध्ये राहतं. बॅकअपच्या दृष्टीने मला हे फार सोयीचं पडलं.

पहिलं बिल्ड अर्ध्यात मेलं. कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर 'किल्ड' एवढंच म्हणाला. मी कोडमधली चूक शोधत बसलो, पण चूक कोडमध्ये नव्हतीच. कंपायलरला कामं वाटणाऱ्या मेकला एकदम चार कामं दिली होती, सी++ च्या मोठ्या फायलींनी रॅम संपवली आणि लिनक्सने कंपायलरलाच मारलं. दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) केली, एका वेळी एकच काम दिलं, आणि जेवण होईपर्यंत बिल्ड तयार होतं.

तेव्हापासून आठ महिने सहा-सात खेळाडू नियमित येत आहेत: साताऱ्यातून मी आणि घरचे दोघे, कोल्हापूरचे पुतणे, आणि जर्मनीहून ताईची मुलगी. भारतातल्या सगळ्यांना खेळ अगदी हातासरशी चालतो. भाचीला झोंबीवर मारलेला घाव किंचित उशिरा लागतो, म्हणून ती आता समोरासमोर भिडत नाही. ती धनुष्य घेते आणि तटबंदीवर उभी राहते. वेळेचा मेळ घालणं जास्त अवघड गेलं, कारण हिवाळ्यात तिची दुपार म्हणजे आमची जेवणाची वेळ.

खेळातला दिवस मूळ सेटिंगमध्ये वीस मिनिटांचा असतो, कारण वेळेचा वेग ७२ ठेवलेला आहे. लहान पोरांना तेवढ्यात घर बांधून होत नव्हतं, रात्र पडली की रडारड. मी वेग ४८ केला, दिवस-रात्र मिळून तीस मिनिटं झाली. एका आकड्याने खेळाचा स्वभावच बदलला. आता दिवसा लाकूड, कोळसा, मशाली; संध्याकाळी भिंतीची डागडुजी; रात्री पहारा. बिछान्यावर झोपून रात्र टाळता येते, पण मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी हजर असलेल्या सगळ्यांनी झोपावं लागतं. एखादा खाणीत हरवलेला असेल तर सगळं गाव त्याच्यासाठी जागं राहतं. किती टक्के खेळाडूंनी झोपायला हवं, ते प्रमाण कमी करता येतं. मी मुद्दाम केलं नाही. 'काका, थांबा, दादा अजून खालीच आहे' हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

लॅगबद्दल, म्हणजे सर्व्हर मागे पडण्याबद्दल, सविस्तर सांगायला हवं. सर्व्हरचं एक पाऊल, म्हणजे जग पुढे नेण्याचा एक फेरा, साधारण ०.०९ सेकंदाचं असतं. जग १६ × १६ × १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेलं आहे आणि प्रत्येक खेळाडूभोवतालचे तुकडे जिवंत ठेवले जातात. सगळे एकाच गावात असले तर तुकडे सामाईक असतात. सात जण सात दिशांना गेले की काम पसरतं, आणि त्या प्रत्येक तुकड्यातले झोंबी, मेंढ्या, गावकरी सर्व्हरला हलवावे लागतात. चॅटमध्ये स्टेटस कमांड दिली की कमाल लॅग दिसतो. तो आकडा चढला तेव्हा मी जिवंत तुकड्यांचा पल्ला चारवरून तीनवर आणला, आणि फरक लगेच जाणवला. दोन कोअर असूनही खेळाचा मुख्य भार एकाच कोअरवर पडतो. सर्व्हर भाड्याने घेताना कोअरची संख्या बघण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघा.

तिसऱ्या महिन्यात एक अनोळखी खेळाडू आत शिरला आणि त्याने गावाचं कोठार फोडलं. सर्व्हर जाहीर यादीत टाकलेला नव्हता, तरी उघडा पोर्ट शोधणारे शोधतात. धाकटा पुतण्या त्या रात्री जेवला नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण हे पहिल्याच दिवशी टाळता आलं असतं. रिकामा पासवर्ड बंद करा. नव्या माणसाला मूळ हक्कांत 'इंटरॅक्ट' देऊच नका, म्हणजे तो फिरू शकेल पण काही फोडू शकणार नाही. ओळख पटली की ग्रँट कमांडने हक्क द्या. रोलबॅकची (झालेले बदल मागे फिरवण्याची) नोंदही आधीपासून चालू असावी लागते, नाहीतर कोणी काय तोडलं ते मागाहून कळत नाही.

बॅकअपमध्ये मी चुकलो होतो. जग एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फायलींत राहतं. नकाशाची वेगळी, खेळाडूंची वेगळी, पासवर्डांची वेगळी. सर्व्हर चालू असताना नकाशाची फाइल सरळ कॉपी केली, आणि गरज पडली तेव्हा ती प्रत उघडेना. दोन आठवड्यांचं बांधकाम गेलं. आता रोज पहाटे एसक्यूलाइटच्याच बॅकअप कमांडने प्रत निघते आणि घरच्या लॅपटॉपवर उतरते. नवी आवृत्ती बांधायच्या आधी वेगळी प्रत काढतो, कारण जग नव्या आवृत्तीत उघडलं की जुनीकडे परतण्याचा भरवसा धरता येत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार देवनागरीबद्दल आहे. चॅटमध्ये मराठी लिहिलं की अक्षरं मोडतात. 'किती' लिहिलं तर वेलांटी क च्या आधी न येता मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. कारण ठाऊक असलेलं आहे: इंजिन एकेक चिन्ह ओळीने मांडतं, आपल्या लिपीला लागणारी जुळणी करत नाही. याच कारणाने हिंदी आणि कन्नड भाषा सेटिंगच्या यादीतून बाजूला ठेवल्या आहेत. मुलं रोमन लिपीत मराठी लिहून भागवतात. फलकांवर गावाची नावं मराठीत लिहावीत अशी माझी फार इच्छा होती. ज्यांना सी++ येतं आणि फॉन्टच्या जुळणीचं काम कळतं, त्यांनी इथे हात लावला तर कितीतरी लिपींतल्या मुलांचं भलं होईल.

सोर्स हाताशी असल्याचा खरा फायदा दिवाळीत दिसला. कोल्हापूरचा मोठा पुतण्या, सातवीतला, म्हणाला, 'काका, झोंबी किती घावांत मरतो हे कुठे लिहिलंय?' त्याला झोंबीची लुआ फाइल उघडून दाखवली. आयुष्य २०, म्हणजे दहा हृदयं. पुढे वेग, पोच, उन्हात पेट घेतो की नाही, सगळं वाचता येईल अशा ओळींत. वेगळ्या चाचणी-जगात त्याने २० चे ४० केले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि लाकडी तलवार घेऊन बाहेर पडला. झोंबी मरेना, मरेना, आणि अखेर मेला तेव्हा तो खुर्चीतून उठून ओरडला. आता त्याने वहीत स्वतःच्या झोंबीचे आकडे लिहून ठेवलेत: संथ चालणारा, पण दार फोडणारा. सुट्टीत आला की आम्ही तो बनवणार आहोत.