मदरबोर्ड ‘गेला’, एसएसडी ‘करप्ट’ झाली आणि रॅम नाहीशी झाली

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा डेस्कटॉप एकाएकी सुरू होईनासा झाला. बटण दाबले की पंखे फिरत, कॅबिनेटवरचा दिवा लागे, परंतु मॉनिटरवर काहीही उमटत नसे आणि आतून ठरावीक अंतराने लांब बीप ऐकू येत असे. हा संगणक माझ्या मुलाने 2020 मध्ये सुटे भाग आणून जोडला होता. तो नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे मी इंटरनेटवर नाशिकमधील घरपोच संगणक दुरुस्तीची जाहिरात शोधली आणि तिच्यातील क्रमांकावर फोन केला. पुढे जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण चौकशी केल्यावर ओळखीतील आणखी दोघांना अशाच पद्धतीने गंडवले गेल्याचे कळले.

संध्याकाळी एक तरुण आला. बोलणे अतिशय आर्जवी, पाठीवर सॅक, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्याने कॅबिनेटची बाजूची पत्री काढली, मोबाईलचा टॉर्च आत फिरवला आणि एकाही भागाला हात न लावता सांगितले, “काका, बोर्ड गेलाय. चिप लेव्हलचं काम आहे, शॉपला न्यावं लागेल.” भेटीचे 300 रुपये घेऊन तो संपूर्ण कॅबिनेट घेऊन गेला. पावती मागितली तेव्हा “व्हॉट्सॲपवर टाकतो” असे म्हणाला. नंतर जो संदेश आला त्यात केवळ ‘एक सीपीयू मिळाला’ एवढेच लिहिलेले होते. आत कोणते भाग आहेत याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि पुढची सगळी करामत याच त्रोटकपणाच्या आड झाली.

नंतर फोन आला की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, दुरुस्त होत आहे, परंतु एसएसडीसुद्धा, म्हणजे विंडोज आणि फाइली साठवणारा भागही, करप्ट झाल्यामुळे नवी बसवावी लागेल. मदरबोर्डचे 4,500, नव्या एसएसडीचे 3,200, विंडोज टाकणे व माहिती परत मिळवण्याचे 1,500 आणि आधी दिलेले 300 धरून एकूण खर्च 9,500 रुपये झाला. संगणक घरी आला, स्क्रीन उजळली, छायाचित्रेही जागच्या जागी दिसली. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. दुकानाच्या नावाचे बिल मागितले असता, “जीएसटीचं बिल हवं असेल तर 18 टक्के वर पडतील,” असे उत्तर मिळाले.

संशय आला तो संगणक मंदावल्यामुळे. ब्राउझरच्या चार-सहा खिडक्या उघडल्या की सगळे अडखळू लागे. मुलाने फोनवरून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबायला सांगून टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’ वाचून दाखवायला सांगितले. तेथे 16 जीबीच्या जागी 8 जीबी दिसत होते आणि ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘1 ऑफ 2’ असे होते. ही मेमरी म्हणजेच रॅम, चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारा भाग. आमच्या संगणकात तिच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतील एक गायब होती.

त्यानंतर मुलाच्या सांगण्यावरून क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घेऊन ‘नव्या’ एसएसडीची तपासणी केली. एसएसडी एकूण किती तास चालली याची नोंद तिच्यातच साठत असते आणि विंडोज नव्याने टाकल्याने ती पुसली जात नाही. ‘पॉवर ऑन अवर्स’समोर 11 हजारांहून मोठा आकडा होता. एखादा संगणक वर्षभर अहोरात्र चालू ठेवला तरी 8,760 तास भरतात, म्हणजे आम्हाला नवी म्हणून विकलेली वस्तू कोणाच्या तरी संगणकात बराच काळ राबून आलेली होती. मदरबोर्डचे तर काहीच झालेले नव्हते. त्याच्यावरील अनुक्रमांक खरेदीच्या बिलाशी जुळत होता, म्हणजे तो बदललेला नव्हता. शिवाय गल्लीतील एका जुन्या जाणत्या कारागिराने तो बाहेर काढून दोन्ही बाजूंनी तपासला, तर डाग दिल्याची, म्हणजे सोल्डरिंग केल्याची, खूण कोठेही नव्हती आणि मागच्या बाजूची धूळसुद्धा हललेली नव्हती.

त्याच कारागिराने मला जे समजावले ते प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे आहे. संगणक सुरू होताना आधी प्रोसेसर आणि रॅम यांची तपासणी होते, मग स्क्रीनवर मदरबोर्ड कंपनीचे चिन्ह येते आणि त्यानंतरच एसएसडीवरील विंडोज शोधली जाते. त्यामुळे एसएसडी पूर्णपणे निकामी झाली, इतकेच काय ती काढून ठेवली, तरी कंपनीचे चिन्ह किंवा ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश एरवी दिसतोच. स्क्रीन संपूर्ण काळी आणि सोबत लांब बीप असेल, तर अनेक मदरबोर्डांवर ती रॅमची तक्रार असते. दमट हवेत रॅमच्या सोनेरी कडेवर किंवा स्लॉटमध्ये थर बसतो. वीजपुरवठ्याची वायर काढून, रॅमची पट्टी बाहेर घेऊन, तिची कड खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा नीट दाबून बसवली की पुष्कळदा संगणक सुरू होतो. आमच्याकडे हेच झाले असावे असे त्याचे मत पडले, कारण एक पट्टी कमी करून बाकी सारे जसेच्या तसे ठेवले तरी संगणक व्यवस्थित सुरू होत होता. स्क्रीन न येण्याच्या दोषात एसएसडी बदलायला सांगणे हीच पहिली शंकेची जागा होती.

गेलेली रॅम खरोखर बिघडली असेल असे क्षणभर मानले, तरी ती परत द्यायला हवी होती. रॅम आणि एसएसडी यांना बहुधा काही वर्षांची वॉरंटी असते आणि बिघडलेला भाग दाखवला तरच तो बदलून मिळतो. मी जुने दोन्ही भाग मागितले तेव्हा प्रथम “ते स्क्रॅपमध्ये गेले”, मग “तुमच्या पिशवीतच दिले होते” असे सांगण्यात आले आणि नंतर फोन उचलणे बंद झाले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर मला जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग सांगण्यात आला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दुरुस्तीतील लबाडी ही सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींत बसू शकते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मी आधी लेखी नोटीस पाठवली. तिच्यासोबत मुलाने जपून ठेवलेले सुट्या भागांचे बिल जोडले, ज्यावर रॅम आणि एसएसडी यांचे अनुक्रमांक छापलेले होते. त्यानंतर एक माणूस येऊन रॅमची पट्टी आणि 3,200 रुपये देऊन गेला. ती पट्टी आमचीच होती, कारण अनुक्रमांक जुळला, आणि ती आता बसवल्यावर उत्तम चालते आहे. मदरबोर्डच्या पैशांवर अद्याप वाद सुरू आहे. ते बिल नसते तर माझा शब्द आणि त्यांचा शब्द एवढाच कागद उरला असता.

संगणक दुरुस्तीला देण्याआधी कॅबिनेट उघडून रॅम, एसएसडी आणि मदरबोर्ड यांवरील लेबलांची स्पष्ट छायाचित्रे काढावीत आणि पावतीवर ते अनुक्रमांक लिहून घ्यावेत. दोष स्क्रीनवर काहीच न दिसण्याचा असेल तर एसएसडी काढून घरीच ठेवावी. एम.2 प्रकारची असेल तर ती एका बारीक स्क्रूवर असते, जुन्या चपट्या प्रकारची असेल तर तिला दोन वायरी असतात. कारागिराने ती हवीच असे सांगितले, तर कशासाठी हे विचारावे. परत आल्यावर पैसे देण्यापूर्वी टास्क मॅनेजर आणि एसएसडीचे तास त्याच्यासमोर पाहावेत. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही, आमच्या गल्लीतील कारागीर तर स्वतःहून दाखवतो.

आमची मूळ एसएसडी मात्र अजून मिळालेली नाही, आणि तिचीच चिंता अधिक आहे. तिच्यावर आधार व पॅनच्या प्रती, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड होते. ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यावरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली, नव्हती, म्हणून दुसऱ्या संगणकाला जोडून कोणीही वाचू शकतो. ईमेल आणि बँकेचे सर्व पासवर्ड मी मोबाईलवरून बदलले, गुगल खात्यातून जुन्या संगणकाचे लॉगिन काढून टाकले, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आणि एसएसडी परत न केल्याबद्दल पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच घेतली आहे.