पोकेमॉन इनफिनिट फ्युजन: फॅन लोकांनी बनवलेला गेम, पण वेळ पार खाऊन टाकतो

स्टोरी जवळपास जुन्या पोकेमॉन गेमचीच आहे, तेच कँटो (तिथला प्रदेश), तेच आठ जिम बॅज (गावोगावच्या जिम लीडरना हरवून मिळणारे बिल्ले), त्यामुळे कथेसाठी खेळणार असाल तर राहू द्या. खरी मजा फ्युजनची. डीएनए स्प्लायसर नावाची गेममधली वस्तू वापरून गेममधले कुठलेही दोन पोकेमॉन एकत्र करायचे, आणि डोकं कोणाचं नि धड कोणाचं यावर सगळं ठरतं. एचपी (म्हणजे जीव किती), स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स जास्त करून डोक्याकडून येतं, अटॅक, डिफेन्स, स्पीड धडाकडून. म्हणजे भरपूर एचपीवाल्या चॅन्सीचं डोकं दणकट डिफेन्सवाल्या स्टीलिक्सच्या धडावर लावलं की मरतच नाही तो प्राणी, आणि तेच उलटं केलं तर डिफेन्स निम्म्यावर येतो!! मी तर लढाया सोडून नुसत्या जोड्याच लावत बसतो, पुढच्या गावात जायचं राहूनच जातं.

बऱ्याच जोड्यांची चित्रं फॅन लोकांनी हाताने काढलीयेत आणि काही तर इतकी भारी आहेत की ओरिजिनलमध्येच असायला हवी होती. जिथे कोणी काढलेलं नाही तिथे कॉम्प्युटर डोकं उचलून धडावर चिकटवतो, ते बघून हसू येतं, कधी कधी किळस पण.

पीसीवर चालतो, फुकट आहे. स्पीड वाढवायचं बटण आहे ते आधी शोधा, नाहीतर लेव्हल वाढवताना जीव जाईल. पहिल्यांदा पोकेमॉन खेळणाऱ्याला मात्र मी हा देणार नाही, समोरच्याचा टाइप (आग, पाणी वगैरे) कोणता हेच कळत नाही अर्ध्या वेळेला.