डीडीरेस्क्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

न उघडणाऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे आणि ते कमांड लाइनवर चालतं. ते काहीही दुरुस्त करत नाही. जेवढं वाचता येतं तेवढं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला नेमकं हेच हवं असतं.

मात्र त्याच्याकडे वळण्याआधी केबल बदलून बघा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ ९००. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढू शकते. त्यामुळे हब काढा, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात थेट लावा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारेल, रद्द करा. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क दुरुस्तीच्या साधनाला तर हातही लावू नका. ते त्याच डिस्कवर लिहितं आणि डिरेक्टरीच्या नोंदी तुटल्या असतील तर फाइली इकडच्या तिकडे करून ठेवतं.

मग स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचणारी कमांड. यूएसबी ब्रिजमुळे (केसमधली, डिस्कला यूएसबीशी जोडणारी चिप) बहुतेक वेळा 'डी सॅट' हा पर्याय द्यावा लागतो. १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न आलेले छोटे भाग), वाढत असेल तर लगेच कॉपीला लागा. डिस्क टकटक करतेय किंवा आकार शून्य दाखवतेय? तिथे सॉफ्टवेअरचं काम संपलं. वीज बंद करून क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या. प्रत्येक वेळी चालू करताना वाचणारं हेड डेटा असलेली चकती (प्लॅटर) खरवडण्याचा धोका असतो.

डीडीरेस्क्यूचं खरं बळ मॅपफाइलमध्ये आहे. कुठला भाग आला, कुठला राहिला, हे ती लिहून ठेवते. मधेच थांबवा, डिस्क थंड होऊ द्या, तीच कमांड परत द्या. काम तिथूनच पुढे चालतं. मॅपफाइल न देता चालवणं म्हणजे हा फायदा सोडून देणं. पहिली फेरी छोट्या 'एन' पर्यायासह: सोपा भाग आधी येतो, खराब जागा खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत 'एन' काढा, छोटा 'डी' (मधला कॅशे टाळून थेट वाचन) आणि 'आर ३' (खराब जागांवर तीनदा पुन्हा प्रयत्न) द्या. वाचन अडलं तर मोठ्या 'आर'ने उलट्या दिशेने. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. खराब डिस्कला कितीही.

एक गोष्ट जपा: कमांडमध्ये आधी स्रोत (खराब डिस्क), मग लक्ष्य (नवी डिस्क). उलटलं तर मूळ डेटाच पुसला जातो. एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड चालवून आकार आणि सिरियल ताडून पाहा. मधेच संपर्क तुटलेली डिस्क परत येताना तिचं लिनक्समधलं नाव एसडीबीचं एसडीसी होऊ शकतं, म्हणून डिस्कच्या आयडीवरून पडलेलं, न बदलणारं नाव वापरलेलं बरं. ऑटोमाउंटही (डिस्क लावताच आपोआप उघडणं) बंद ठेवा.

डिस्क केसमधून काढून थेट साटावर (मदरबोर्डवरचा डिस्कचा पोर्ट) लावायचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो जपून घ्या. काही मॉडेलांत ब्रिज चिपच एन्क्रिप्शन करते. तिच्याशिवाय हाती येतो तो निव्वळ कचरा. काही ब्रिज सेक्टर ४०९६ बाइटचे दाखवतात, त्यामुळे थेट लावल्यावर पार्टिशन जुळत नाही.

पुढचं सगळं कॉपीवरच. पार्टिशन शोधायला टेस्टडिस्क. फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून शोधणारं फोटोरेक अगदी शेवटी, कारण त्यात फाइलींची नावं आणि फोल्डर जातात, तुकड्यांत पसरलेले मोठे व्हिडिओ हमखास मोडतात.

तक्रार एकच: डेबियन या लिनक्समध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू, आणि मधे अंडरस्कोर असलेला डीडी_रेस्क्यू हा वेगळाच प्रोग्राम. त्याला वरचे पर्याय लागू नाहीत.