१७० की १६५? क्रँकच्या पाच मिलिमीटरचा प्रश्न

माझी उंची पाच फूट पाच इंच. रोड बाइक घेतली तेव्हा फ्रेम लहान मापाची निवडली, पण क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) १७० मिलिमीटरचाच आला. तीन वर्षं त्याकडे लक्षही गेलं नाही. (आकडा क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलजवळ असतो. आधी तुमचा बघून घ्या.) गेलं दीड वर्ष १६५ वापरतोय. दोन्हींवर सिंहगड, कात्रजचा जुना घाट आणि २०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करून झाल्या आहेत.

उभं राहून चढ मारायचा असेल तर मला आजही १७० बरा वाटतो. सिंहगडाच्या खड्या वळणांवर गिअर संपले की लांब क्रँकचा जोर कळतो. १६५वर तो साधारण तीन टक्क्यांनी घटतो. मी कॅसेटची (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांची) सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची होती ती ३४ची करून घेतली, त्यानंतर कमतरता जाणवली नाही.

माझा निर्णय झाला तो उजव्या गुडघ्यामुळे. ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वळणावर) हात ठेवून वाकून बसलं की पेडल वर येताना मांडी पोटाला लागायची, जांघेत चिमटा बसायचा आणि तो चुकवायला गुडघा आपोआप बाहेर फेकला जायचा. पहिले ५०-६० किलोमीटर काही वाटत नसे. पुढे प्रत्येक फेऱ्याला तेच. बीआरएमला साडेतेरा तास हातात असतात, पण समोरून वारा असताना खाली वाकताच येत नसेल तर ते तास फार लवकर संपतात. मी सीट पुढे-मागे केली, हँडल वर घेतलं, क्लीट (बुटाच्या तळाशी असलेले, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) फिरवून पाहिले. चिमटा गेला नाही.

१६५ लावला, सीट पाच मिलिमीटर वर घेतली. क्रँक पाचनं लहान आणि सीट पाचनं वर, म्हणजे पेडल माथ्यावर असताना मांडीला पूर्ण एक सेंटिमीटर जास्त जागा मिळाली. पहिले दोन आठवडे लहान मुलाची सायकल चालवतोय असं वाटत होतं, पाय उगाच भरभर फिरायचे. त्यानंतरच्या बीआरएमला मी परतीचा बराचसा रस्ता ड्रॉपवर बसून आलो आणि गुडघा सरळ रेषेत राहिला. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं, तेही थांबलं.

लहान क्रँकनं ताकद जाते अशी धास्ती मलाही होती. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून पाहिले, तेव्हा कमाल ताकदीतला फरक चार टक्क्यांच्या आसपासच निघाला. टूर द फ्रान्स जिंकणारा सायकलपटू तादेय पोगाचारही २०२४च्या मोसमात १६५ वापरत होता, आणि तो माझ्याहून चांगला उंच आहे.

अर्थात, तुम्हाला चिमटा बसत नसेल, गुडघा सरळ चालत असेल, तर खर्च करू नका. १६५ शोधायला वेळ लागतो, आणि बीबी (फ्रेममधलं बेअरिंग, ज्यात क्रँकचा आस फिरतो) जुळते का हे दुकानात आधी विचारावं लागतं. गुडघा आधीच दुखत असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा. पण उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर असेल आणि लांबच्या राइड करत असाल, तर मी १६५कडेच वळेन. बदललात तर सीट वर घ्यायला विसरू नका, नाहीतर मिळालेली अर्धी जागा तिथेच जाईल.

माझा १७० आता धाकट्या भावाच्या सायकलवर आहे. तो पाच फूट दहा आहे, आणि त्याला तो छान बसलाय.