एअरो हेल्मेट आणि लेदर सूट घ्यावा, की साधे फुलफेस घेऊन टक सुधारावा?

कोल्हापुरात लाँगबोर्डवर (लांब स्केटबोर्डवर) डाउनहिल, म्हणजे उतारावरून वेगाने खाली येणे, शिकू लागलेल्यांपुढे पहिला मोठा खर्च उभा राहतो तो हाच. एका बाजूला मागे शेपटीसारखे निमुळते होत गेलेले एअरो हेल्मेट आणि अंगासरशी लेदर सूट, तर दुसऱ्या बाजूला मोटारसायकलचे आयएसआय चिन्हाचे फुलफेस (हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे) हेल्मेट, अंगाबरोबरचे जाड कपडे आणि टकचा, म्हणजे शरीर आवळून वाकण्याचा, सराव. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या परिसरातील उतारांचा विचार केला, तर माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे. सुटाबाबत मात्र एक वेगळा मुद्दा आहे, तो पुढे येईलच.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग ताशी 30 किलोमीटरवरून 60 वर गेला की तोच रोध चौपट होतो. त्याशिवाय तो तीन गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, समोरून दिसणारे शरीराचे क्षेत्रफळ आणि त्या आकाराचा रोध गुणांक, म्हणजे तो आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा आकडा. घनता आपल्या हातात नसते. पन्हाळ्यासारख्या उंच ठिकाणी ती समुद्रकिनाऱ्यापेक्षा थोडी कमी असते, इतकेच. उरलेल्या दोन्ही गोष्टींवर सर्वाधिक परिणाम होतो तो अंगस्थितीचा, कारण उभ्या माणसाच्या पाठीमागे हवा विस्कळीत होऊन कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो आणि रोधाचा मुख्य भाग त्यातूनच येतो.

एक हिशेब मांडून पाहू. बोर्डासह वजन 75 किलो, उतार 8 टक्के आणि चाकांचे घर्षण वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास धरले, तर पुढे ढकलणारे सुमारे 50 न्यूटन बल उरते. उभ्या स्थितीत क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार 0.6 चौरस मीटर मानला, तर वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. टकमध्ये तोच गुणाकार 0.3 वर आणला, तर तो 64 पर्यंत जातो. आता हेल्मेट आणि सुटामुळे त्यात आणखी 10 टक्के घट झाली असे उदारपणे गृहीत धरले, तरी वाढ होते ती जेमतेम 3 किलोमीटरची. शिवाय हे आकडे लांबलचक सरळ उतारावरचे आहेत. थांबलेल्या अवस्थेतून निघून वळणाआधी केवळ 100 मीटर सरळ रस्ता मिळत असेल, तर उभ्याने सुमारे 34 आणि टकमध्ये 37 ते 38 एवढाच वेग गाठता येतो, आणि महागड्या साहित्याचा वाटा ताशी अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी ठरतो. आपल्याकडच्या घाटांत वळणे किती जवळजवळ आहेत, हे ज्याने गाडीने तरी ते उतरले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

टकचे तपशील मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत. छाती पुढच्या मांडीवर टेकलेली, मागचा गुडघा पुढच्या पोटरीमागे लपलेला, पाठ सपाट आणि दोन्ही हात मागे कमरेवर जुळवलेले, अशी ही स्थिती असते. कोपरे बाहेर निघाली किंवा ढुंगण वर राहिले की मिळवलेले बरेच निसटते. सगळा भार पुढच्या मांडीवर येत असल्याने मिनिटभरातच पाय थरथरू लागतात. तालमीतल्या बैठकांची सवय असलेल्या मुलांना इथे स्पष्ट फायदा मिळतो. वळणाआधी हेच सगळे उलटे करायचे असते: ताठ उभे राहून हात पसरले की वाढलेला रोध ब्रेकचे काम करतो आणि त्यानंतर घ्यावयाची स्लाइड (बोर्ड आडवा घसरवून वेग कमी करणे) सोपी होते.

एअरो हेल्मेटची शेपटी डोके आणि पाठ यांमधली पोकळी भरून काढते, पण मान योग्य कोनात स्थिर असेल तरच. मान खाली गेली किंवा वळणाकडे पाहण्यासाठी फिरवली की तीच शेपटी हवेत उभी राहते आणि बाजूचा वारा तिला धरतो. मोटारसायकलच्या फुलफेसची अडचण निराळी आहे: टकमध्ये वाकल्यावर त्याची वरची कड नजरेसमोर येते आणि रस्ता पाहण्यासाठी मान जास्त उचलावी लागते. म्हणून दुकानातच ते घालून, पूर्ण वाकून, समोरचे दहा-पंधरा मीटर अंतरावरचे काही दिसते का हे तपासावे.

लेदर सूट मी रोधासाठी नव्हे, तर कातडीसाठी घ्यायला सांगेन. फडफडणारा सैल शर्ट रोध निश्चित वाढवतो, पण ती उणीव अंगासरशा कपड्यांनीही बरीचशी भरून निघते. ताशी 50 च्या वेगाने डांबरावर घसरल्यास मात्र कापड क्षणात फाटते आणि लेदर टिकते. कोल्हापूर चामड्याचे गाव आहे म्हणून सूट इथेच शिवून घ्यावा, असे अनेकांना सुचते. परंतु चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, जाड आणि ताठ असते. वाकण्यासाठी लागणारा मऊपणा त्यात नसतो. मोटारसायकल शर्यतीचा वापरलेला सूट हा बरा मध्यममार्ग आहे. तो वाकून बसण्यासाठी बेतलेला असल्याने टकमध्ये नीट बसतो, उभे राहिल्यावर मात्र पाठीत ओढतो.

यातले काहीही वाहत्या रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या कोणत्या वळणावर समोर येतील याचा नेम नसतो, आणि त्यांतून सांडलेल्या पाचटावर चाके पकड सोडतात. वाहतूक बंद केलेला किंवा परवानगी घेतलेला खासगी उतार हाच योग्य.

2017 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात पीट कॉनली यांनी स्केटबोर्डवर उतार उतरताना ताशी 146.73 किलोमीटर वेगाचा विक्रम केला. त्या वेगाला रोधातील एकेक टक्का मोलाचा असतो. तुम्हाला अशा लांब, सरळ उतारांच्या शर्यतींत उतरायचे असेल आणि टक दोन मिनिटे न डळमळता टिकत असेल, तर एअरो हेल्मेट अवश्य घ्यावे. मात्र आकार पाहण्याआधी त्यावर आघात चाचणीचे प्रमाणन आहे का हे पाहावे, कारण काही कवचे केवळ हवेसाठी घडवलेली असतात.