पीयूसी१९ आणि अँपिसिलिनची जोडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते. पीयूसी१९ या प्लास्मिडबद्दल (जीवाणूत जनुकं पोचवायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाबद्दल) माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्यावरच्या अँपिसिलिन मार्करबद्दल, म्हणजे प्लास्मिड घेतलेल्या पेशीच या प्रतिजैविकात तगाव्यात म्हणून असलेल्या प्रतिकार-जनुकाबद्दल, आणि त्यातलीही निम्मी चूक माझीच.

प्लास्मिड म्हणून ते गुणी आहे. जेमतेम २,६८६ बेसजोड्यांचं, त्यामुळे पेशीत सहज शिरतं. आत गेलं की प्रती इतक्या होतात की मिनीप्रेपमध्ये (थोड्या पेशींतून प्लास्मिड काढताना) डीएनए कमी पडला असं एकदाही झालं नाही. डीएच५-अल्फा या ई. कोलाय जीवाणूच्या पेशी प्लास्मिडसह बर्फावर अर्धा तास, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत बर्फ, मग एसओसी या पोषक माध्यमात ३७ अंशांवर तासभर: हे आता हात आपसूक करतात. पहिल्या महिन्यात मात्र मी नळी मुठीत धरून पेशी वितळवायचे, वर पिपेटने खळखळून ढवळायचे. कॅल्शियम क्लोराइडमधून काढलेल्या पेशींना एवढी घाई सोसत नाही. सवय सोडली आणि १०० पिकोग्रॅम डीएनएतला दहावा भाग पसरून १५० कॉलनी आल्या. म्हणजे मायक्रोग्रॅममागे दीड कोटी; घरच्या घरी केलेल्या पेशींसाठी मला पुरे.

खरी फजिती तिसऱ्या महिन्यातली. शुक्रवारी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली प्लेट सोमवारी काढली, तर प्रत्येक मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलन्यांचं, म्हणजे उपग्रह कॉलन्यांचं, लटांबर! सुट्या दिसतात म्हणून मी नेमक्या त्यातल्याच सहा उचलल्या. दुसऱ्या दिवशी पाच नळ्या पाण्यासारख्या नितळ. सहावी वाढली, पण तिच्यात शेजारच्या मोठ्या कॉलनीचा कण आला असणार. हे मार्कर-जनुक बीटा-लॅक्टमेझ बनवतं आणि ते एन्झाइम पेशीबाहेर झिरपून भोवतालचं अँपिसिलिन मोडून टाकतं. मग त्या आडोशाला प्लास्मिड नसलेलेही पोसले जातात. आता १६ ते १८ तासांत प्लेट बाहेर, आणि अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन. तेच जनुक चालतं, औषध जास्त टिकतं. उपग्रह कॉलनी कमी झाल्या, संपल्या नाहीत.

एकदा तर मी प्लेटचं गरम अगर पुरेसं निवायच्या आतच अँपिसिलिन ओतलं, आणि ते उष्णतेने निकामी झालं. बिनप्लास्मिडच्या पेशींची कंट्रोल प्लेट गालिच्यासारखी भरली, म्हणून कळलं. ती प्लेट नसती तर मी आनंदाने नाचले असते.

निळ्या-पांढऱ्या निवडीवरही (प्लास्मिडवरचा लॅकझेड जनुकाचा तुकडा शाबूत तर कॉलनी निळी, त्यात आपला डीएनए बसून तो मोडला तर पांढरी) डोळे मिटून विसंबू नका. पांढरी कॉलनी म्हणजे लॅकझेडचा अल्फा-तुकडा मोडला, एवढंच. तुमचाच तुकडा बसला का, हे प्लास्मिड एन्झाइमने कापून, तुकड्यांची लांबी जेलवर बघावी लागते तेव्हा कळतं. उलट, छोटा तुकडा वाचनचौकट (जनुकाची अक्षरं तीन-तीन करून वाचण्याचा क्रम) न मोडता बसला तर कॉलनी फिकी निळीही राहते. अशा दोन मी फेकून दिल्या होत्या.

गेले तीन महिने दुसरं प्लास्मिड वापरतेय, कॅनामायसिनवालं, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याचं प्रतिकाराचं एन्झाइम पेशीतच राहतं, त्यामुळे प्लेट लख्ख. फक्त एसओसीमधला तो एक तास चुकवायचा नाही. कॅनामायसिन रायबोसोमवर घाव घालतं, म्हणून प्रतिकाराचं प्रथिन आधी तयार व्हावं लागतं. अँपिसिलिनच्या वेळी घाईत मी तो तास दोनदा गाळला होता, खपून गेलं. इथे गाळला आणि प्लेट कोरी.

पीयूसी१९ची नळी फ्रीजरमध्ये आहेच. नव्या पेशींची क्षमता मोजायची असली की तेवढ्यापुरती बाहेर काढते.