तीन मिनिटांचा राउंड: सिंहगड रस्त्यावरच्या बॉक्सिंग क्लासबद्दल

पुण्यात सिंहगड रस्त्याला एका सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंगचा क्लास चालतो, त्याबद्दल लिहिते आहे. ग्लोव्ह्ज घालून गाण्याच्या ठेक्यावर हात हलवायला लावणारे ‘फिटनेस बॉक्सिंग’चे वर्ग आता गल्लोगल्ली निघालेत. हा त्यातला नाही, इथे खेळ शिकवतात. सकाळी सहाची बॅच, आठवड्यातून चार दिवस, फी महिना अडीच हजार. मी मूळची कराडकडची. शाळेत, कॉलेजात आणि पुढे विद्यापीठाकडून खो-खो खेळले, आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. एखादा खेळ शरीराकडून नेमकं काय मागतो हे बघायची मला सवयच आहे, तेव्हा क्लासचं मोजमापही त्याच अंगाने करते.

खो-खोत पहिल्या तुकडीतली मुलगी अडीच-तीन मिनिटं पळती करून टिकली, तर मैदान डोक्यावर घेतात. बॉक्सिंगचा राउंडही तीन मिनिटांचाच. घड्याळात दोन्ही सारखे, पण शरीराचा हिशेब अगदी वेगळा. पळतीत पाय आणि छाती जळते, हात मोकळे असतात. शिवाय पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही, उलट फिरता येत नाही. ती पुढे निघून गेली की खो मिळेपर्यंतच्या त्या क्षणात श्वास भरून घेता येतो. मैदानही २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. रिंग दोरांच्या आत जेमतेम ६.१ मीटर चौरस, आणि समोरची व्यक्ती कुठूनही, कुठल्याही दिशेने येऊ शकते. श्वास घ्यायला जागा नियम देत नाही, ती आपल्या पायांनी मिळवावी लागते.

त्यात हात. ते सतत गालापाशी हवेत. सरावाचा १६ औंसांचा ग्लोव्ह म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. पहिल्या राउंडला त्याचं काहीच वाटत नाही. दुसऱ्याच्या मध्यावर खांदे पेटतात, कारण आखडून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. तिसऱ्यात हात आपोआप छातीवर उतरतात आणि नेमका तेव्हाच ठोसा लागतो. लांब पळणाऱ्या मुलींचा दमसास मी वर्षानुवर्षं बघते आहे, माझाही बरा आहे. पण खांद्यांचा दमसास हे वेगळंच प्रकरण आहे आणि धावून तो येत नाही. तो समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर आणि टांगलेल्या बॅगवरच कमवावा लागतो.

क्लासचं खरं बळ म्हणजे तिथले सर. सैन्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. आल्या आल्या बॅगवर सोडत नाहीत. आधी ग्लोव्ह्जच्या आत हाताला पट्टी बांधायला शिकवतात आणि त्यात घाई चालत नाही. साडेचार मीटरची पट्टी. अंगठ्याच्या कडीपासून सुरुवात, मनगटाला तीन वेढे, मग पंजा, मग बोटांच्या मधून एकेक फेरा, पुन्हा मनगट. बांधून झालं की मूठ आवळायला लावतात आणि स्वतः बोटाने दाबून बघतात. सैल वाटली तर सोडून पुन्हा. बोटांची टोकं पांढरी पडली तरी सोडून पुन्हा. नवख्याचं मनगट बॅगवर वाकडं पडून दुखावतं ते इथेच वाचतं.

पुढचे काही आठवडे नुसता स्टान्स (उभं राहण्याची ढब), फूटवर्क आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. “ताई, मागची टाच फिरली नाही. हात नंतर, आधी टाच,” हे वाक्य माझ्या वाट्याला सर्वांत जास्त आलं. ठोसा दंडातून निघत नाही. मागच्या पायाने जमीन ढकलली जाते, टाच फिरते, कंबर फिरते, मग खांदा, आणि शेवटी मूठ. ही साखळी मधे कुठे तुटली की हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, दिसायला जोरदार आणि लागायला पोकळ. खो-खोतल्या माझ्या पायांचा इथे उपयोग झाला, हुलकावणी अंगात होतीच. श्वासाचं मात्र सगळं नव्याने शिकले. प्रत्येक ठोशाला नाकातून छोटा फुत्कार सोडायचा. नवीन माणूस ठोसा मारताना श्वास कोंडतो आणि अर्ध्या मिनिटात संपतो. सरांचे कान इतके तयार आहेत की पाठ फिरलेली असतानाही कोणाचा श्वास अडकलाय ते सांगतात.

ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने तज्ज्ञांना बसवून ६० खेळांना १० कसोट्यांवर तोललं होतं. दमसास, ताकद, वेग, चपळाई, धैर्य, मार सोसण्याची क्षमता वगैरे. त्यात बॉक्सिंग पहिलं, आइस हॉकी दुसरी, कुस्ती पाचवी आणि मासेमारी शेवटची. पहिला क्रमांक मला मान्य आहे. पण लवचीकतेत बॉक्सिंगला १० पैकी साडेचारही दिले नाहीत, ते पटत नाही. कंबरेतून झुकून ठोसा डोक्यावरून जाऊ देणं आणि त्याच झुकण्यातून खालून वर जाणारा अपरकट काढणं ज्यांनी करून पाहिलंय, त्यांनी हा आकडा दिला नसता. त्या यादीत कबड्डी आणि खो-खो नाहीतच, याची खंत वेगळी.

कबड्डीशी तुलना करायची तर चढाई ३० सेकंदांची, आणि परत यायला आपली बाजू असते. कुस्ती मला जास्त जवळची वाटते. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे ३० सेकंद. पकड, मान आणि पाठ यांची जी परीक्षा तिथे होते ती बॉक्सिंगमध्ये नाही, हे मान्य करायलाच हवं. पैलवान खाशाबा जाधवांच्या मुलखातली असून कुस्तीला कमी लेखायची माझी हिंमतही नाही. पण पैलवान पकडीत असताना समोरच्याचं अंग त्याला कळत असतं. बॉक्सिंगमध्ये अंतर डोळ्यांनी मोजायचं, तेही धापा टाकत, डोळ्यांत घाम जात असताना. दमलेल्या मेंदूने निर्णय घ्यायचा ही या खेळाची सर्वांत मोठी मागणी आहे. मेरी कोमने २०१२ला लंडनमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा बायकांच्या लढती दोन-दोन मिनिटांच्या चार राउंडच्या होत्या, आणि तिचा ४८ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नसल्याने ती ५१ किलोत, आपल्याहून थोराड मुलींशी खेळली. आता बायकांनाही तीन मिनिटांचे तीन राउंड आहेत. राउंड एक कमी दिसतो, पण एकूण वेळ आठाची नऊ मिनिटं झाली आणि मधली विश्रांती एकदा कमी झाली.

स्पारिंगबद्दल, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीबद्दल, या क्लासला मी पूर्ण गुण देते. पहिले सहा महिने फक्त अंगावर, डोक्यावर ठोसा नाही, सरांसमोरच. हेडगार्डमुळे कापणं-फुटणं वाचतं, मेंदू आत हलायचा तो हलतोच, हे सर पालकांना बसवून समजावतात. घाईने स्पारिंगला उतरवणारा दुसरा एक क्लास मी बघून आले होते. तिथे चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात मोठ्या मुलासमोर उभं केलं होतं. माझ्या शाळेतलं एकही पोर मी तिथे पाठवणार नाही.

आता उणिवा. शेडला पंखे दोनच, एप्रिल-मेमध्ये सातनंतर आत उभं राहवत नाही. क्लासचे ग्लोव्ह्ज सगळ्यांनी वापरलेले, आतून ओलसर आणि कुबट असतात. तक्रार केली की उन्हात ठेवतात, आठवड्याने पुन्हा तेच. बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, एक पडदा आहे, त्याची कडीही तुटलेली. अडीच हजार घेता तर एवढं व्हायलाच हवं, आणि हे मी सरांना तोंडावर सांगितलं आहे.

जाणार असाल तर पट्टी आणि ग्लोव्ह्ज स्वतःचे न्या, दोरी तिथे मिळते. संध्याकाळच्या बॅचला गर्दी फार, पॅडवर सरांची वेळ मिळत नाही, सकाळचीच घ्या. गुडघेदुखी असेल तर आधीच सांगा, ते दोरीच्या उड्या बंद करून शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारायचा सराव) वाढवून देतात. आणि मुलीला घालायचा विचार असेल तर बिनधास्त घाला. माझ्या शाळेतल्या आठवीच्या दोघी जून महिन्यापासून तिथे जातात, त्यांची अर्धी फी सरांनी स्वतःहून माफ केली.